ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर: गेन नीट लावा, मगच घाटात उतरा

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.

मी बोलतोय कोलोरॅडोतून, डेन्व्हरजवळून. बाहेर उन्हाळा सुरू झालाय आणि आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक ट्रेलर धुवून पुसून उभा आहे. कुणाचा कॅम्पिंगचा, कुणाचा बोटीचा, कुणाचा घोड्यांचा. शुक्रवारी संध्याकाळ झाली की हे सगळे ट्रेलर पिकअप ट्रकला जोडले जातात आणि डोंगराच्या दिशेने निघतात.

गेल्या काही महिन्यांत इथल्या बऱ्याच मराठी मुलांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, ट्रक घेतला, ट्रेलर घेतला, स्क्रीनवर गेन म्हणून एक आकडा येतो. तो किती ठेवायचा?" आणि बहुतेकांना विकणाऱ्याने एकच उत्तर दिलेलं असतं: "पाचवर ठेवा आणि निघा." आजचा भाग त्या पाचबद्दल आहे. कारण तुमच्यासाठी बरोबर असलेला आकडा दुसऱ्या कुणालाच सांगता येत नाही. तो तुमच्या ट्रेलरकडूनच काढून घ्यावा लागतो, आणि त्याला फार तर अर्धा तास लागतो.

मागच्या वजनाला थांबवतं कोण?

आधी साधा हिशोब करू. समजा तुमचा पिकअप 2,300 किलोचा आहे आणि सामान भरलेला ट्रेलर 2,700 किलोचा. म्हणजे तुमच्या पाठीमागे तुमच्यापेक्षा जड वस्तू पळतेय. ताशी 60 मैल, म्हणजे साधारण 96 किलोमीटर वेगाला ही सगळी वरात सेकंदाला जवळजवळ 27 मीटर पुढे जाते. आता समोर कुणी करकचून ब्रेक मारला. तुम्हीही मारला. ट्रकचे ब्रेक ट्रकला थांबवतील हो, पण मागच्या 2,700 किलोंना कुणी सांगितलंय थांबायला? ते हिचवरून तुम्हाला ढकलत राहतात. रस्ता ओला असेल किंवा वळण असेल, तर ट्रेलर बाजूने पुढे यायला बघतो आणि ट्रक-ट्रेलर मधोमध दुमडतात. इकडे याला जॅकनाइफ म्हणतात, चाकू मिटतो तसं.

म्हणून ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक असतात. अमेरिकेत किती वजनापासून ते सक्तीचे हे प्रत्येक राज्य ठरवतं. बऱ्याच राज्यांत ही मर्यादा 3,000 पौंड, म्हणजे साधारण 1,360 किलो आहे. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींसाठी सांगतो, तुमच्याकडे 750 किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतात.

अमेरिकेतल्या बहुतेक कॅम्पिंग ट्रेलरना इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक असतात. चाकाच्या ड्रममध्ये एक छोटा इलेक्ट्रोमॅग्नेट बसवलेला असतो. त्यात करंट आला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटायला बघतो आणि ड्रमबरोबर थोडा ओढला जातो. त्याला जोडलेली दांडी हलते आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. करंट जास्त, तर पकड जास्त. पूर्ण जोर लावला तर एक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर खातो. दोन ॲक्सल म्हणजे चार चाकं, म्हणजे सुमारे 12 अँपिअर.

हा करंट किती आणि कधी सोडायचा हे ठरवतो तो ब्रेक कंट्रोलर. ट्रकच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटमधून एक वायर, बहुतेक वेळा निळी, हाच निरोप मागे घेऊन जाते.

कंट्रोलर दोन स्वभावांचे

एक असतो टाइम डिलेवाला. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला एवढंच त्याला कळतं. जोरात दाबला की हळू, ते त्याला ठाऊक नसतं. तो आपला ठरलेल्या गतीने करंट वाढवत जातो. स्वस्त असतो, बसवायला सोपा असतो. पण सिग्नलला हळूच थांबतानाही तो ठरवलेल्या जोराने ओढतो आणि खरोखर आणीबाणी आली तर तिथंही त्याच चालीने येतो.

दुसरा प्रोपोर्शनल. याच्यात वेग किती झपाट्याने कमी होतोय हे ओळखणारा सेन्सर असतो. ट्रक जेवढा जोरात थांबतोय, तेवढ्या प्रमाणात ट्रेलरलाही थांबवायचं, असं त्याचं काम. नव्या पिकअपमध्ये डॅशबोर्डमध्येच बसवलेला जो कंट्रोलर येतो, तो तर थेट ट्रकच्या ब्रेक यंत्रणेशी बोलतो, त्यामुळे तो आणखी समजूतदार. माझं मत विचाराल तर डोंगरात जाणार असाल तर प्रोपोर्शनलच घ्या. दोघांच्या किमतीतला फरक एका वीकेंडच्या कॅम्पिंगइतकाही नसतो.

पण कुठलाही घ्या, दोन गोष्टी प्रत्येकात असतात. एक म्हणजे गेन, म्हणजे जास्तीत जास्त किती जोर द्यायचा त्याची मर्यादा. हा आकडा बहुतेक वेळा 0 ते 10 मध्ये असतो. दुसरी म्हणजे हाताने चालवायची कळ. ती दाबली की ट्रकचे ब्रेक न लागता फक्त ट्रेलरचे लागतात. आजची सगळी गंमत या कळीत आहे.

गेन कसा काढायचा

आता कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर स्क्रीनशॉट काढा.

पहिलं: ट्रेलर जसा प्रवासाला नेणार तसाच भरा. पाण्याची टाकी, सायकली, खुर्च्या, सगळं. रिकाम्या ट्रेलरवर काढलेला आकडा भरल्या ट्रेलरला अपुरा पडतो.

दुसरं: सपाट, कोरडा, डांबरी किंवा काँक्रीटचा मोकळा रस्ता शोधा. मी रविवारी सकाळी औद्योगिक भागातल्या रस्त्यावर जातो. तिथं तेव्हा कुत्रंही नसतं.

तिसरं: सुरुवातीला पाच-सहा वेळा साधे ब्रेक मारून ट्रेलरचे ब्रेक थोडे गरम होऊ द्या. थंड ब्रेक वेगळे वागतात.

चौथं: गेन मधल्या आकड्यावर ठेवा. ताशी 20 ते 25 मैल, म्हणजे 32 ते 40 किलोमीटर वेग घ्या. आता ब्रेक पेडलला हात, सॉरी, पाय लावायचा नाही. फक्त हाताची कळ पूर्ण दाबायची.

आता काय होतंय ते बघा. ट्रेलरची चाकं जाम होऊन घसरली, टायर किंचाळले, तर गेन जास्त आहे. अर्धा कमी करा. ट्रक आरामात पुढे चालत राहिला, मागून नुसती कुरकुर जाणवली, तर गेन कमी आहे. अर्धा वाढवा. पुन्हा तेच करा. आपल्याला तो बिंदू हवाय जिथं चाकं जाम होण्याच्या अगदी अलीकडे ट्रेलर दमदार ओढून धरतो. चाकं जाम झाली की नाही हे आतून नीट कळत नसेल तर सोबतच्या माणसाला रस्त्याच्या कडेला, सुरक्षित अंतरावर उभं करा आणि फोनवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. चाकाचा व्हिडिओ खोटं बोलत नाही.

हे 20 मैलांपेक्षा कमी वेगात करू नका. फार हळू वेगात काढलेला आकडा पुढे चुकीचा निघू शकतो.

पाचवं: आता पेडल वापरून दोन-चार वेळा नेहमीसारखं थांबा. ट्रेलर ढकलतोय असं वाटलं तर गेन थोडा वर. कुणीतरी मागून शर्टाची कॉलर धरून खेचतंय असं वाटलं तर थोडा खाली. ट्रक आणि ट्रेलर एकाच वेळी, एकाच चालीत थांबले पाहिजेत.

काही कंट्रोलरमध्ये बूस्ट किंवा एफर्ट नावाची आणखी एक सेटिंग असते. गेन म्हणजे कमाल जोर, तर बूस्ट म्हणजे सुरुवात किती खमकी करायची ते. ट्रेलर ट्रकपेक्षा हलका असेल तर बूस्ट कमी ठेवा, जड असेल तर वाढवा. पण आधी गेन, मग बूस्ट. क्रम उलटा केला की दोन्ही आकड्यांचा गोंधळ होतो.

आणि हा आकडा म्हणजे काही जन्मपत्रिका नव्हे, की एकदा काढली आणि कपाटात ठेवली. सामान कमी झालं, पाऊस लागला, खडीचा रस्ता आला, बर्फ पडला, की गेन बदलायचा. निसरड्यावर कोरड्या रस्त्याचा गेन ठेवलात तर चाकं लगेच जाम होतील, आणि जाम झालेलं चाक दिशा धरत नाही.

गेन 10 वर, तरी ट्रेलर ढिम्म

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे ही टेस्ट का करायची ते कळेल.

माझ्या एका मित्राने मागच्या वर्षी वापरलेला ट्रेलर घेतला. विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं की ब्रेक तपासलेत. स्क्रीनवर "ट्रेलर कनेक्टेड" असं छान दिसत होतं. पुढच्या शनिवारी तो बायको आणि दोन मुलांना घेऊन डोंगरात निघणार होता. मी म्हटलं, आधी आपण रविवारी सकाळी टेस्ट करू.

गेन 5 वर ठेवून कळ दाबली. काहीच नाही. 7 केला. ट्रक जरा रेंगाळला. 10 केला, पूर्ण कळ दाबली, आणि 25 मैलांवरून ट्रक आपला संथपणे चालतोच आहे. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, स्क्रीन तर म्हणते सगळं ओके आहे."

इथे लक्ष द्या. स्क्रीनला एवढंच कळतं की मागे काहीतरी जोडलंय आणि करंट जातोय. चारही चाकांपर्यंत पोचतोय का, शू ड्रमला टेकतायत का, हे तिला दिसत नाही.

आम्ही परत येऊन ट्रेलर जॅकवर घेतला. मागच्या ॲक्सलच्या नळीतून जाणारी वायर घासून घासून तुटली होती. हा दुखणं बऱ्याच ट्रेलरमध्ये निघतं, कारण वायर नळीच्या आत सैल असते आणि हजारो मैल हादरे खाते. म्हणजे तिकडचं चाक ब्रेकशिवाय. दुसऱ्या एका चाकाचं अर्थिंग गंजलेलं. उरलेल्या दोघांचे शू इतके झिजून मागे गेलेले की मॅग्नेटची दांडी पूर्ण हलूनही ते ड्रमवर जेमतेम टेकत होते.

वायर नवी टाकली, जोड साफ केले, शू ॲडजस्ट केले. ड्रमच्या मागच्या पत्र्यात खाली एक खाच असते, तिथून दातेरी चकती फिरवायची. चाक हाताने फिरवायला जड होईपर्यंत घट्ट करायची, मग उलटी फिरवत यायचं, चाक मोकळं फिरेल आणि शू हलकासा घासत राहील इतपत. चारही चाकांना हेच. पुन्हा टेस्ट केली, तर 6.5 वर चाकं जाम झाली. आम्ही 6 वर ठेवलं.

तेव्हा नियम लक्षात ठेवा: गेन वाढवत वाढवत 9-10 वर गेला आणि तरी ट्रेलर ऐकत नाही, तर बटण दाबत बसू नका. दोष कंट्रोलरच्या पलीकडे, वायरीत किंवा ड्रममध्ये आहे. आणखी एक युक्ती: टेस्ट संपल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांचे हब बघा. तीन गरम आणि एक थंड, तर तो थंड गडी कामचुकार आहे. एक फारच गरम, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

नव्या ट्रेलरचं पण ऐका. नवे शू ड्रमवर नीट बसायला 40 मैलांवरून 20 वर असे वीस-तीस ब्रेक मारावे लागतात, मध्ये मध्ये थंड होऊ देत. पहिल्या 200 मैलांनंतर ॲडजस्टमेंट आणि गेन दोन्ही परत बघा.

उतारावर

आमच्याकडे आय-70 महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटरवर. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना 7 टक्क्यांपर्यंत उतार लागतो. बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ करून ठेवलेत. ते काही शोभेला नाहीत.

कितीही अचूक गेन लावा, लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ड्रम तापतात, पकड सुटत जाते आणि मग करकरीत नवा कंट्रोलरही काही करू शकत नाही. म्हणून टो-हॉल मोड लावा, उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर घ्या, इंजिनला गाडी धरू द्या. वेग वाढला की ठामपणे ब्रेक मारून दहा मैलांनी कमी करा आणि पाय पूर्ण उचला.

आई कराडहून आली होती तेव्हा तिला घेऊन मी हा उतार उतरत होतो. तिने दोन-तीनदा मागे वळून बघितलं आणि विचारलं, "अरे, मागचं घर आपल्याला ढकलत नाही ना?" मी म्हटलं, "नाही आई, त्याला त्याचा वेगळा ब्रेक आहे." ती म्हणाली, "मग बरंय. आमच्याकडे भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर यायची. बैलांना पळायला जागा नसते रे." मी इतकी वर्षं लोकांना जे समजावतोय ते तिने एका वाक्यात सांगितलं. तुमच्या ट्रकलाही पळायला जागा नसते.

गावाकडे आजही ऊसतोडणीच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. सगळा भार ट्रॅक्टरवर. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी हा भाग घरी नक्की ऐकवा. तिथं हा कंट्रोलर चालणार नाही, पण उतारावर न्यूट्रल करायचं नाही, खालच्या गिअरमध्ये उतरायचं, हे इथंही तेच आणि तिथंही तेच. पुण्याच्या नवले पुलावरचा उतार आठवा. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं एकाच अपघातात 40 हून अधिक गाड्या चेपल्या होत्या.

ट्रेलर डुलायला लागला तर

बाजूने मोठा ट्रक जातो, वारा लागतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. तेव्हा घाबरून पेडल दाबू नका, वेग वाढवू नका, स्टीअरिंगशी झटापट करू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि हाताची कळ हळूहळू दाबा. फक्त ट्रेलरला ब्रेक लागले की तो मागे ताणला जातो आणि सरळ होतो. दोरी ताणली की सरळ होते ना, तसं. म्हणून ही कळ न बघता हाताला सापडली पाहिजे. घरासमोर उभ्या गाडीत दहा वेळा सराव करा.

आणि डुलणं पुन्हा पुन्हा होत असेल तर सामान बघा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर हवा. सगळं जड सामान मागे भरलंत तर ट्रेलर डुलणारच. गेनने ते झाकता येत नाही.

तुमचे प्रश्न

एकीने विचारलंय: "भाड्याने ट्रेलर घेतला तर कंट्रोलर लागेल का?" भाड्याच्या बऱ्याच ट्रेलरना सर्ज ब्रेक असतात. ट्रेलर पुढे ढकलायला लागला की हिचमधला हायड्रॉलिक पंप दाबला जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. त्याला कंट्रोलर लागत नाही. युरोपातही याच तत्त्वावर चालणारे ट्रेलर सर्रास असतात. फक्त चढावर रिव्हर्स घेताना हेच ब्रेक आडवे येऊ शकतात, तेवढं विचारून घ्या.

दुसरा प्रश्न: "फोनवरून चालणारा कंट्रोलर घेऊ का?" हे सात पिनांच्या सॉकेटला जोडायचे आणि ब्लूटूथवरून ॲपमध्ये गेन लावायचा. वायरिंग करायचं नसेल, ट्रक बदलत असेल, तर सोयीचे आहेत. पण ट्रेलर डुलत असताना हाताखाली खरीखुरी कळ असावी असं मला वाटतं. त्या क्षणी कुणाचा तरी व्हिडिओ कॉल स्क्रीनवर आला तर?

तिसरा: "ट्रेलरच्या पुढे पिन लावलेली बारीक तार असते ती कशाला?" तो ब्रेकअवे स्विच. ट्रेलर सुटलाच तर तार ताणून पिन निघते आणि ट्रेलरवरची बॅटरी त्याचे ब्रेक लावते. अमेरिकेच्या फेडरल नियमांत व्यावसायिक वाहनांसाठी अट आहे की हे ब्रेक किमान 15 मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. तार थेट ट्रकच्या सांगाड्याला अडकवा, हिचच्या बॉलला किंवा साखळीला नको. हिचच निसटलं तर तार त्याच्याबरोबर जाईल. तपासायचं असेल तर आधी सात पिनांचा प्लग काढा, मग पिन ओढा, ट्रक हळूच पुढे घ्या. ट्रेलरने अडवलं पाहिजे. लगेच पिन परत लावा, नाहीतर बॅटरी उतरेल.

तर मंडळी, निघण्याआधी पाच गोष्टी: प्लग घट्ट, तार अडकवलेली, पिन जागेवर, गेन आजच्या वजनाला काढलेला, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत एकदा हाताची कळ दाबून ट्रेलर जागा आहे ना बघायचं. शेवटची गोष्ट तीन सेकंदांची आहे. मी दर वेळी करतो.

तुमच्या ट्रकचा, ट्रेलरचा आणि निघालेल्या गेनचा आकडा मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात हिचवरचा भार घरच्या घरी कसा मोजायचा ते बघू. तोवर सावकाश चला, अंतर ठेवून चला. भेटू लवकरच!